किती झाले?

गेल्या वर्षीं आमचा तीन महिन्यांचा मुक्काम फ्रान्स देशांत, ल्यों शहरीं, चिरंजीवांकडे झाला. निघण्यापूर्वीं पुस्तकावरून आम्हीं फ्रेंच भाषेचे कांहीं पाठ घोकले होते. ज्यानें पस्तीस वर्षें मुलांकडून संस्कृत धातु पाठ करून घेतले, त्यास पावाची किंमत विचारण्याइतकी भाषा कां येऊं नये, असा आमचा अभिमान होता.

पहिल्याच सकाळीं दुकानांत आम्हीं 'कोंब्यँ एस्क सला कूत?' हें शुद्ध वाक्य उच्चारिलें. दुकानदारीणबाई किंचित् हसल्या. घरीं आल्यावर नऊ वर्षांच्या नातवानें आमची शिकवणी घेतली. "आजोबा, आधीं 'बाँझूर' म्हणायचें. आणि एवढें लांब कोणी बोलत नाहीं. एका वस्तूचा भाव विचारायचा तर 'से कोंब्यँ?' सगळें घेऊन झालें कीं 'सा फे कोंब्यँ?'" पुस्तकांत आरंभीं येणारा 'किती' लोकांच्या तोंडीं शेवटीं जातो, आणि 'सा फे कोंब्यँ?' म्हणजे तरी काय, आपलें 'किती झाले?' हेंच!

उत्तर समजणें मात्र अवघड. पंच्याण्णव म्हणजे 'कात्र-वँ-कँझ', चार विसा आणि पंधरा. आमची आजी विसांनींच मोजीत असे, म्हणून तें परकें वाटलें नाहीं. पोरांची बोली त्याहून निराळी. नातवाचा मित्र 'दी बाल' म्हणाला, तेव्हां आम्ही दचकलों. कारण कोशांत 'बाल' म्हणजे बंदुकीची गोळी. निघाले दहा युरो! पूर्वीं हा शब्द फ्रँकास लावीत. १९६० सालीं शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला, २००२ सालीं फ्रँकच जाऊन युरोचीं नाणीं आलीं; शब्द तेवढा टिकला. आपल्याकडे १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, तरी गोष्ट अद्याप सोळा आणे खरी असते, तसेंच हें. नातवानें एक निषेधही सांगितला: वस्तूचा भाव खुशाल विचारावा, माणसाचा पगार विचारूं नये.

दुसऱ्या महिन्यांत आमची दाढ सुजली. दंतवैद्याकडे तीन खेपा झाल्या. खर्च चिरंजीवांनीं केला. आकडा विचारला कीं, "अण्णा, तें राहूं द्या," एवढेंच उत्तर. आमचें निवृत्तिवेतन बेताचें खरें, परंतु आजवर कोणाचें देणें आम्हीं ठेविलेलें नाहीं. रात्रीं झोंप लागेना.

शेवटीं नातवास विचारिलें, "मी तुमचें किती देणें लागतों, हें कसें म्हणावें?"

"'झ्य वू द्वा कोंब्यँ?' पण बाबांना 'वू' नाहीं म्हणायचें, 'त' म्हणायचें."

'द्वा' याचा मूळ धातु 'दव्वार', देणें लागणें. तोच शब्द नाम म्हणून योजिला तर अर्थ होतो कर्तव्य. आणि अनेकवचनीं, शाळेंतून मिळालेला गृहपाठ. नातवाच्या वहीवर तो लिहिलेलाच होता. जन्मभर गृहपाठ देणाऱ्या आम्हांस ही व्युत्पत्ति ठाऊक नव्हती.

निघण्याच्या आदल्या रात्रीं पाकीट पुढें ठेवून आम्हीं विचारिलें, "झ्य त द्वा कोंब्यँ?"

चिरंजीव हसले नाहींत. पाकीट आमच्या हातांत परत देऊन म्हणाले, "अण्णा, माझ्या शिक्षणासाठीं तुम्हीं पतपेढीचें कर्ज काढलें होतें, तें किती होतें? मीं दोनदां विचारलें. तुम्हीं सांगितलें नाहींत."

आम्ही निरुत्तर झालों. त्यांच्या मातोश्री शेजारींच बॅग भरीत होत्या. त्याही कांहीं बोलल्या नाहींत.

घरीं परतल्यावर आम्हीं जुनी वही काढली आणि त्या कर्जाचा आकडा, व्याजासकट, चिरंजीवांस पत्रानें कळविला. दंतवैद्याचा आकडा अद्याप आलेला नाहीं. वाट पाहत आहों.