टाळीला लागलेला वेळ

करोनानंतर शाळा भरू लागली तेव्हा 'ऑनलाइन' हा शब्द ऐकला तरी माझं डोकं उठायचं. टाळेबंदीत व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवल्या, वहीच्या धूसर फोटोंवरून उत्तरं तपासली, कुणाकडे फोन नाही आणि कुणाच्या फोनला रिचार्ज नाही याच्या याद्या केल्या. शाळा सुरू झाली की हे संपेल असं वाटलं होतं, तर लिंका आणखी वाढल्या. ही माहिती भरा, तो फोटो टाका, उपक्रमाचा अहवाल आजच्या आज पाठवा. शिकवण्यापेक्षा शिकवल्याचा पुरावा देण्यासाठीच हे तंत्रज्ञान आहे, असं माझं ठाम मत झालं होतं.

वर्गात मोठा टीव्ही आहे. त्यावर व्हिडिओ लावला की मुलं शांत बसतात, म्हणून तो काही शिक्षकांना आवडतो. मला ती शांतता आवडत नाही. नंतर विचारलं तर व्हिडिओतलं संगीत आठवतं, बाकी काही नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही माझ्या वर्गात तेच व्हायचं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या शाळेत ती कल्पना राबवली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, याचा कोणत्याही शिक्षकाला वाटावा तेवढा अभिमान मलाही आहे. पण कोड उघडला की माझी मुलं पुन्हा बघतच बसायची.

आमच्याकडे गणिताचे नवे सर आले. वयाने माझ्या मुलाएवढे. एका मधल्या सुट्टीत त्यांनी मला 'फायफॉक्स' नावाचं ॲप दाखवलं. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठात तयार झालेलं, २०१६ पासून सगळ्यांना मोफत मिळणारं. फोनच्या पोटात जे संवेदक असतात, त्यांची मापं ते सरळ आपल्यापुढे ठेवतं. सरांनी फोन टेबलावर ठेवला. आकडा ९.८ च्या आसपास. मग सतरंजीची जाड घडी करून तो वरून तिच्यावर सोडला. आलेख पाहिला तर फोन हवेत होता तेवढा वेळ रेषा थेट शून्याजवळ उतरलेली. मुक्त पतनात वजन जाणवत नाही, हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. ते स्वतःच्या डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "मॅडम, फोन तुमचा आहे बरं का," असं सर नंतर म्हणाले.

नववीला ध्वनीचा धडा आला तेव्हा मी दोन फोन घेऊन व्हरांड्यात गेले. टेपने १० मीटर अंतर मोजलं. दोन्ही टोकांना एकेक फोन, दोन्हींवर आवाज ऐकला की सुरू होणारं आणि दुसरा आवाज ऐकला की थांबणारं घड्याळ. अलीकडच्या मुलीने टाळी वाजवली. तिचा फोन लगेच सुरू झाला, पलीकडचा आवाज पोचल्यावर. मग पलीकडच्या मुलाने टाळी वाजवली. त्याचा फोन तत्काळ थांबला, हिचा मात्र आवाज परत आल्यावर. म्हणजे अलीकडच्या फोनवर जास्त वेळ भरणार, आणि तो जास्तीचा वेळ म्हणजे आवाजाला १० मीटर जाऊन १० मीटर यायला लागलेला वेळ.

या प्रयोगातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे यात आळशी माणूस चालतो. पलीकडच्या मुलाने टाळी उशिरा वाजवली तरी तो उशीर दोन्ही घड्याळांत सारखाच धरला जातो आणि वजाबाकीत निघून जातो. दोन फोनांची घड्याळं आपसात जुळलेली असण्याचीही गरज नाही. हे मी सांगितलं नाही. टाळी वाजवणारा मुद्दाम रेंगाळत राहिला आणि फरक तेवढाच निघतोय हे बाकीच्यांनी पकडलं.

पहिले आकडे अर्थात भलतेच आले. रस्त्याने एसटी गेली की घड्याळ सुरू, पत्र्यावर कावळा बसला की बंद. मग आवाजाची मर्यादा वाढवली, टाळीऐवजी पत्र्याच्या डब्यावर डस्टर आपटलं. आता फरक ०.०५७ सेकंदाच्या मागेपुढे येऊ लागला. वीस भागिले तेवढे, म्हणजे सेकंदाला साधारण ३५० मीटर. पुस्तकी आकडा २५ अंश सेल्सिअसला ३४६. आपलं चुकलं, असं एकजण म्हणाला. तापमापी आणली तर व्हरांड्यात ३२ अंश होते. दर अंशामागे वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो, हे त्यांनी मग स्वतःच पुस्तकातून काढल्यासारखं मला बजावून सांगितलं.

मागच्या बाकावरच्या एकाने शंका काढली: "मॅडम, वारा तिकडून येतोय. मग तिकडून येणारा आवाज लवकर पोचणार की." खरं आहे. पण जाताना तोच वारा आडवा येतो, आणि जाण्यायेण्याचा वेळ एकत्र धरला की वाऱ्याचा परिणाम जवळजवळ उरत नाही. फळ्यावर मांडलं तेव्हा बैजिक राशी पाहून वर्ग कुरकुरला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

फोन वर्गात आला की मुलं बिघडतात, असं म्हणणारे पालक आहेत आणि त्यांचं सगळं चूक नाही. म्हणून मी एवढंच बघते की फोन त्यांना काही दाखवतोय की ती त्याच्याकडून काही मोजून घेतायत. दहावीच्या मुलांना आता एसटीत फोन ठेवून ब्रेकचा आलेख काढायचाय, आणि माझ्या डोक्यात दोरीला टांगलेल्या दगडाचा लंबक आहे. स्वस्त फोनांत सगळे संवेदक नसतात, तेव्हा कुणाच्या घरचा कोणता फोन चालेल याची यादी मुलंच करतायत. याद्या मीही केल्या होत्या, पण ही वाचायला मजा येते.

मुख्याध्यापकांनी शनिवारी मुलांना फोन आणायची लेखी परवानगी दिली आहे. दोनच, आणि सिमकार्ड काढून.