मध्यम अक्षर

चाळिशी लागली की बारीक अक्षर आपल्याशी फटकून वागू लागते. वर्तमानपत्र लांब धरावे लागते, आणि पुढे पुढे हातच आखूड पडू लागतो. त्यावर चष्मा आहे. पण चष्म्यालाही दाद न देणारी अधू नजर असते, हे मला धुळ्याच्या मामांमुळे कळले.

मामा देवपुरात राहतात. जन्म कचेरीत लिहिण्यात गेला. आता दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला आहे. जिथे पाहावे नेमके तिथेच धुके. कडेने दिसते, आणि अक्षर ठसठशीत असेल तर वाचताही येते. जळगावहून मी एस.टी.ने जातो आणि वाचून दाखवू का म्हणतो, की मामा उखडतात. "अरे, माझ्या पेन्शनचा कागद मी दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावा?"

गेल्या वर्षी पेन्शनची एक सूचना एका कार्यालयाने संकेतस्थळावर लावली. लावली म्हणजे कागदाचा फोटो चिकटवला. बोटांनी ताणला की अक्षर मोठे होई, पण ओळ काचेबाहेर पळे. उजवीकडे सरकत टोक गाठायचे, परत डावीकडे यायचे, तोवर खालची ओळ हरवलेली. औत वळवताना तास चुकावा तसे! त्यात तारखेतला आकडा १ की ९ हे कळेना. मामांनी दोन तास घेतले, पण फोन माझ्या हातात दिला नाही.

शेवटी दमून म्हणाले, "समर्थांनी सांगून ठेवलंय रे, ऐकतो कोण?"

समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जपणारे वाग्देवता मंदिर धुळ्यातच आहे, आणि मामा दासबोधाचे जुने वाचक. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ लेखकाला बजावतात, की तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, मध्यम लिहावे. ओळीला ओळ लागू नये, मात्रा वरच्या ओळीत घुसू नये, भोवती जागा सोडावी. सतराव्या शतकातल्या संताला म्हाताऱ्या डोळ्यांची एवढी काळजी!

संकेतस्थळांचे जागतिक नियम करणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ साली ठरवले, की मजकूर दुप्पट मोठा केला तरी काही हरवता कामा नये, आणि साध्या मजकुराचे अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतका फरक हवा. २०१८ साली भर घातली, की अक्षर वाढले तर ओळ दुमडून खाली यावी, वाचकाला आडवे सरकावे लागू नये. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे. सरकारी स्थळांच्या कोपऱ्यात लहान-मोठ्या 'अ'ची बटणे असतात, पण फोटोतल्या अक्षरापुढे ती बिचारी काय करणार? शिवाय आपली लिपी दुमजली. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या ओळीत ती कोंबली, की 'घ'चा 'ध' व्हायला वेळ लागत नाही.

जळगावात माझा एक जुना विद्यार्थी संकेतस्थळे बांधतो. एका सराफाचे काम त्याने कौतुकाने दाखवले. पांढऱ्यावर फिकट सोनेरी आकडे, आणि बोटांनी ताणून मोठे करण्याची सोय बंद! का, तर मांडणी बिघडते म्हणून. मी त्याला तो समास वाचायला दिला.

"सर, समर्थांनी पिक्सेल किती सांगितलेत?"

त्याला धुळ्याला मामांकडे धाडला. दिवसभर मामांनी त्याला समोर बसवून काय दिसते, काय दिसत नाही हे सांगितले. परत येऊन त्याने आकडे काळे केले, ओळींत जागा सोडली, बंद केलेली सोय खुली केली.

परवा मामांचा फोन आला. सोन्याचा भाव स्वतः वाचला म्हणाले.

"मग, काय वाटलं?"

"दिसत नव्हता तेच बरं होतं. मामीला सांगू नकोस."