कार्तिकातील मागणी

वारली चित्रे काढलेल्या वस्त्रांच्या किमतीतून चित्रकाराच्या हाती प्रत्यक्ष किती मोबदला पडतो याचा जमाखर्च मांडणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे, दिवाळीच्या सुमारास पालघर-बोईसरच्या बाजारात किंवा मुंबईच्या एखाद्या प्रदर्शनात, गरिबाला हातभार लागावा या शुद्ध हेतूने अशी साडी घेणाऱ्या भगिनींशी मला विशेषतः खरेदीच्या काळाविषयी बोलावयाचे आहे.

ही चित्रे मूळची विवाहाची. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहून त्यात पालघट देवीची स्थापना करण्याचा मान सवाशिणींचा होता. बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद पुरवून त्यांच्या कलेला अर्थार्जनाचा मार्ग दाखविणारे भास्कर कुलकर्णी १९७० नंतर डहाणू भागात आले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या अलौकिक प्रतिभेची ओळख जगाला झाली; २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली. मात्र भिंतीवरून कागदावर आणि पुढे कापडावर येताना या कलेचा पैशाचा व्यवहार बव्हंशी पुरुषांकडे गेला, ही गोष्ट मला आजही बोचते.

पालघर जिल्हा ज्या वर्षी अस्तित्वात आला त्याच २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि त्या नोंदणीचे संरक्षण प्रामुख्याने नावास असल्याने, यंत्रावर छापलेल्या नक्षीचे कापड राजरोस विकले जाते आणि त्यातील एक छदामही पाड्यावर पोहोचत नाही. छापील नक्षीत तोच नर्तक ठरावीक अंतराने पुनःपुन्हा भेटतो; हाताच्या रेषेची जाडी मात्र क्षणोक्षणी बदलते, एवढी खूण पारखणाऱ्यास पुरेशी आहे.

परंतु अस्सल साडीचाही लाभ ऋतूवर अवलंबून असतो. दिवाळीची मागणी येते ती भाद्रपद-आश्विनात, जेव्हा भात पोटरीत असते आणि पाठोपाठ कापणीची घाई उडते. कापणी आटोपून हात मोकळे होतात नेमका तेव्हा मागणीचा ओघ आटतो, आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडील कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीमालकाची उचल घेऊन भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात, जेथे ती उचल फिटेपर्यंत त्यांना परतता येत नाही व मुलांच्या शाळेत खंड पडतो. याच वेळी साडीच्या कामाचा बयाणा हाती आला, तर भट्टीची उचल न घेता घरी राहण्याचा मार्ग त्या कुटुंबास निदान मोकळा होतो. म्हणून किमतीत दिलेल्या चार अधिक रुपयांपेक्षा वेळेवर मिळालेल्या आगाऊ रकमेस मी अधिक मोल देतो.

कापड कोठे रंगविले गेले याचीही चौकशी करावी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडावर प्रक्रिया करणारे अनेक कारखाने आहेत. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते, आणि त्यामुळे मासेमारीवर आलेल्या संकटाविरुद्ध मांगेला समाजाला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत दाद मागावी लागली. दारिद्र्य त्या किनाऱ्यावरही आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या वैशाखात कार्य असेल, त्यांनी रुखवताच्या चादरींची व मानाच्या साड्यांची मागणी आताच, कार्तिकात, पाड्यावरील चित्रकारांकडे अथवा त्यांच्या बचत गटाकडे नोंदवावी, निम्मी रक्कम रोख द्यावी, आणि चित्र लिहिणाऱ्या बाईचे नाव व तिची मजुरी पावतीवर स्वतंत्रपणे लिहून मागावी.