चार टेबल आणि पाच बांध्या



आज लिहितो ते फवारणीचा निर्णय लवकर कसा घ्यायचा याबद्दल. हे मी पत्त्यांच्या टेबलावरून शिकलो. हसू नका, पूर्ण वाचा.

आमची धानाची शेती साडेचार एकर, पण पाच तुकड्यांत. दोन बांध्या घराजवळ, दोन नहराकडे आणि एक चुलबंदच्या काठाला. २०२३ चा ऑक्टोबर होता. घराजवळच्या बांधीत तुडतुडे दिसले. औषध मारू का थांबू, यातच तीन दिवस गेले. दुकानदाराला विचारलं, साळ्याला फोन केला, ग्रुपवर फोटो टाकले. चौथ्या दिवशी नदीकाठच्या बांधीत गेलो तर मधोमध गोल गोल चट्टे, जाळल्यासारखे. एका बांधीचा विचार करता करता दुसरी हातची गेली. त्या वर्षी तिथं धान कमी आणि तणीस जास्त झाली.

दिवाळीला पुतण्या नागपूरहून आला. रात्री लॅपटॉपवर पोकर खेळायचा, एकाच वेळी चार टेबल. एका टेबलावर डाव संपत नाही तर दुसरं टेबल वाजते, सेकंदांचा काटा पळत असते. मी बाजूला बसून पाहत होतो.

म्हणलो, "बाबू, एवढ्या घाईत ठरवतो कसा?"

"मोठे बाबा, मी इथं ठरवतच नाही जी. अगोदरच ठरवून ठेवलंय."

त्यानं कागद दाखवला. पोकरमध्ये सुरुवातीला दोन पत्ते हातात येतात. ५२ पत्त्यांतून अशा जोड्या १६९ प्रकारच्या होतात. कोणती खेळायची, कोणती टाकायची, हे त्यानं थंड डोक्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. दहातले सात-आठ डाव पाहताक्षणी टाकून द्यायचे. विचार उरलेल्या दोन-तीन डावांतच करायचा, कारण तिथंच खरी अडचण असते. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक टेबल सोपं वाटेल तेव्हाच दुसरं उघडायचं, आणि चुका व्हायला लागल्या की एक टेबल बंद करायचं. गेलेल्या डावाकडे वळून पाहायचं नाही, तोवर दुसऱ्या टेबलावरचा वेळ संपून जाते.

मला माझ्या बांध्या आठवल्या. मी तर प्रत्येक बांधीत पहिल्यापासून विचार करत होतो.

त्यानं मोठ्या अभिमानानं एक किस्साही सांगितला. जानेवारी २०१२ मध्ये बहामा बेटांवर रँडी ल्यू नावाच्या अमेरिकन खेळाडूनं ८ तासांत २३,४९३ डाव खेळून गिनीज विक्रम केला. एका वेळी ४० पर्यंत टेबल. शेवटी नफा उरला ७ डॉलर ६५ सेंट, म्हणजे तेव्हाचे चारशेच्या आसपास रुपये. पोट्टा वेग पाहत होता, मी नफा पाहत होतो.

वेगाची दुसरी बाजू पुढच्या उन्हाळ्यात दिसली. हातानं पत्ते वाटून तासाला २५-३० डाव होतात. मोबाईल-लॅपटॉपवर एका टेबलावर ७०-८०, म्हणजे चार टेबलांवर तीनशे. जिंकणं जसं वाढते तसं हरणंही वाढते, आणि खेळवणाऱ्याचा कटही डावागणिक जात राहते. तो हरायला लागला तेव्हा टेबल कमी करायचे सोडून त्यानं सहा उघडले. धानाच्या चुकाऱ्याचे ४२ हजार त्याच्या बापानं त्याच्या खात्यात ठेवले होते, ते गेले. रात्री मला फोन केला. भावाला सांगायला मीच गेलो. भाऊ काही बोलला नाही, उठून बैलाला चारा टाकायला गेला. भावसून चुलीपाशी बसून राहिली.

नंतर पुतण्या म्हणला, "कागद समोरच चिकटवलेला होता मोठे बाबा, पण मी पाहिलाच नाही."

पुढं २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैशाचे असे खेळ देशभर बंद झाले. त्यानं त्याच्या आधीच सोडलं होतं.

मी मात्र त्याच्या कागदाची पद्धत ठेवून घेतली. माझा कागद दाराच्या मागं चिकटवला आहे:

प्रत्येक बांधीत आडवंतिडवं फिरून २० चूड पाहायचे, बुंध्याशी वाकून. चुडामागे तुडतुडे १० च्या वर, तर त्याच दिवशी पाणी सोडायचं आणि फवारा बुंध्यावर मारायचा. पाचच्या खाली, तर हात लावायचा नाही. मधले असतील तर तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे. खोडकिड्याचे गाभेमर शंभर फुटव्यांत ५ झाले की फवारणी. युरियाचा जास्तीचा हात नाही, त्यानं तुडतुडे वाढतात. औषधाचं नाव कृषी सहायकाला विचारून आधीच लिहायचं, दुकानात उभं राहून ठरवायचं नाही.

आता पाचही बांध्या एका सकाळी होतात. चार ठिकाणी कागद सांगते तेच करतो. डोकं लावतो ते एका ठिकाणी, नहराकडं, कारण तिथं माझं पाणी सोडलं की शेजाऱ्याच्या बांधीत जाते. त्याच्याशी बोलावं लागते.

आणि यंदा एक टेबल बंद केलं. नदीकाठची बांधी भावाला ठेक्यानं दिली. गुडघे दुखतात, तिथवर रोज जाणं होत नव्हतं. बापाची जमीन आहे, द्यायला जिवावर आलं. पण जी बांधी आपण पाहू शकत नाही ती नावापुरतीच आपली असते.

ती बांधी आता पुतण्या पाहते. रविवारी त्याचा फोन आला, "मोठे बाबा, सरासरी १२ निघाली. पाणी सोडलं, पंप भरतो आहो."

मला विचारायला त्यानं फोन केला नव्हता, सांगायला केला होता.

मंडळी, तुमचा कागद पोळ्याच्या आधी लिहून ठेवा. तुडतुडे दिसल्यावर लिहायला बसलं की हात थरथरते.