शेजारधर्म

माझी धाकटी कन्या जपानांतील एका खेड्यांत शिक्षिका आहे. हिवाळ्याच्या सुटींत ती एकटी पडेल, ह्या विचारानें आम्ही उभयतां चिंतेंत होतों. परंतु तिचें पत्र आलें तें आनंदाचें! शेजारच्या आजीबाईंनीं तिला आग्रहानें घरीं नेलें. रजई पांघरलेल्या, खालून ऊब देणाऱ्या ‘कोतात्सु’ नामक बैठ्या मेजाभोंवतीं संत्रीं सोलीत गप्पागोष्टी झाल्या. ३१ डिसेंबरच्या रात्रीं, मनाचे १०८ क्लेश दूर व्हावेत म्हणून, बौद्ध मंदिरांतील घंटेचे १०८ टोल सर्वांनीं मिळून ऐकिले.

पत्र वाचून समाधान झालें आणि लाजही वाटली. आमच्या शाळेंतील एक परगांवचा तरुण शिक्षक दिवाळीच्या सुटींत खोलीवर एकटाच राहिला होता. त्याला फराळास बोलवावें, एवढेंही मला तेव्हां सुचलें नाहीं.