माळ घेताना वायरही बघा

मंडळी, दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात पुण्याच्या तपकीर गल्लीत शिरायचं म्हणजे धाडसच! डोक्यावर दिव्यांच्या माळांचे मांडव आणि खाली पाय ठेवायला जागा नाही. दुकानदार माळ पेटवून दाखवतो, आपण रंग बघतो, घासाघीस करतो आणि घरी येतो. वायर मात्र कुणी बघत नाही.

"गॅलरीत लावायची आहे, चालेल ना?" मी एका दुकानात विचारलं.

"काकू, एलईडी आहे. शॉक बसायचाच नाही!"

हा समज फार पसरलाय. मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे विजेचं हे गणित आमच्या जुन्या वायरमनकडून समजून घेतलंय. एका एलईडीला जेमतेम २-३ व्होल्ट लागतात, हे खरं. पण घरात वीज येते २३० व्होल्टची. स्वस्त माळेत बरेच दिवे एकापुढे एक जोडून तो दाब वाटून दिलेला असतो. म्हणजे दिवा हाताला थंड, पण वायरीत घरचीच वीज! मधली ती चौकोनी डबी बहुतेक वेळा दिव्यांची उघडझाप करण्यापुरतीच असते. खरा अडॅप्टर असेल, तर त्याच्यावर 'आउटपुट' या शब्दापुढे १२ किंवा २४ व्होल्ट असं छापलेलं असतं. मी तशीच माळ शोधून घेतली. पैसे थोडे जास्त पडले, पडू देत.

आता आपली गॅलरी आठवा. लोखंडी ग्रिल, त्याला आवळून बांधलेली बारीक वायर, शेजारी तुळशीला रोजचं पाणी. वाऱ्याने वायर ग्रिलच्या कडेवर घासत राहते. आवरण फाटलं, की अख्ख्या ग्रिलमध्ये वीज उतरू शकते. आणि त्याच ग्रिलला लोंबकळून मुलं खालचे फटाके बघतात! आमचा नातू त्यात पहिला.

पणतीजवळ आपण मुलांना जाऊ देत नाही, कारण ज्योत दिसते. वीज दिसत नाही ना!

म्हणून माळ ग्रिलला न बांधता भिंतीवरच्या प्लास्टिकच्या हुकांना लावावी. पिन नसलेल्या वायरीची टोकं काडेपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटमध्ये बसवायची आपल्याकडची जुनी खोड तर कायमची सोडावी. कागदी आकाशकंदिलात जुना तापणारा बल्ब नको, लहान एलईडी पुरतो. आणि झोपताना सगळं बंद.

आणखी एक. मेन बोर्डात ईएलसीबी असेल, तर त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की खटकन वीज जायला हवी. घरगुती ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडतो. जीव वाचतो तो त्यामुळे. बटण दाबूनही वीज गेली नाही, तर फराळाआधी वायरमनला बोलवा.

असो. भाऊबीजेला सगळे येताय ना? निघण्याआधी आपापल्या घरचं ते बटण एकदा दाबून बघा. म्हातारीचा हट्ट समजा हवं तर!