घरातला तिसरा पेशंट

आमच्या नातेवाइकांत सध्या माझ्याविषयी एक विनोद फिरतो आहे. "नाना लग्नाला येतील, पण रिसेप्शनला थांबायचे नाहीत; मांजराच्या इंजेक्शनची वेळ होते!" विनोद बरा आहे, आणि खोटाही नाही. पण त्यामागे एक प्रश्न असतो, तो कुणी तोंडावर विचारतं, कुणी माघारी. एका बोक्यासाठी एवढं कशाला? फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

भुऱ्या २०१२ च्या पावसाळ्यात आमच्या गॅलरीत आला आणि राहिला. पुढे त्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हापासून खाणं, झोपणं आणि खिडकीतून कावळे बघणं एवढाच त्याचा दिनक्रम. वजन साडेसहा किलोपर्यंत गेलं होतं. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय गुटगुटीत आहे हो!"

२०२४ च्या ऑगस्टात तो एकाएकी उतरू लागला. खाणं तर दुप्पट झालेलं. पाणी म्हणाल तर वाटीतलं संपवायचा, मग मोरीतल्या बादलीत तोंड घालायचा. वाळूचं घमेलं दिवसातून दोनदा बदलावं लागे. पलंगावर उडी मारताना चुकू लागला. चालताना मागचे पाय पंजांवर न उचलता टाचेपर्यंत जमिनीला टेकवायचा. सौ. ला स्वतःला बरीच वर्षं मधुमेह आहे, आठ वर्षांपासून इन्शुलिन चालू आहे. तिने दोन दिवस त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, ही सगळी माझीच लक्षणं आहेत. साखर बघून घ्या त्याची."

ज्यांच्याकडे पहिल्यांदा नेलं, त्यांनी साखर बघितली आणि सांगितलं, "वय झालंय. रोजची इंजेक्शनं तुम्हाला जमायची नाहीत. झोपवून टाकू, त्यालाही त्रास नको." त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण पिशवीत बसलेला भुऱ्या माझ्याकडे बघत होता, आणि त्याला नुकतीच भूक लागली होती. भूक लागलेल्या जिवाला कसं झोपवायचं? आम्ही परत आलो.

दुसऱ्या डॉक्टर तरुण आहेत. समजावून सांगायची हातोटी चांगली, वर्गात उभ्या राहिल्या असत्या तर उत्तम शिक्षिका झाल्या असत्या. त्यांनी सांगितलं की मांजर घाबरलं की त्याची साखर तेवढ्यापुरती भरमसाट चढते, म्हणून दवाखान्यातल्या एका आकड्यावर विसंबायचं नाही. लघवी तपासली आणि रक्ताची फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी केली. मागच्या दोनेक आठवड्यांत साखर सरासरी कशी होती ते तिच्यावरून कळतं. निदान पक्कं झालं. वाढलेलं वय, वाढलेलं वजन, ऑपरेशन झालेला नर आणि घरात बसून राहणं, ही सगळी त्या रोगाची आवडती माणसं... म्हणजे मांजरं!

गंमत अशी की मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखायला जिभेला जो जनुक लागतो तो मांजरांत निकामी असतो, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. जन्मात कधी पेढ्याची चव न कळलेल्या प्राण्याला मधुमेह व्हावा, यासारखा अन्याय नाही. सौ. म्हणाली, "मी निदान श्रीखंड खाऊन तरी पस्तावले."

आता खाण्याचं. मांजर मूळचं मांसाहारी, पिष्टमय पदार्थ पचवण्याची त्याच्या शरीराची तयारी कमी. आमच्याकडे दूध-पोळी, दहीभात आणि बाजारातलं कोरडं खाणं चालायचं. डॉक्टरांनी ते सगळं बंद करून कमी पिष्टाचं, जास्त प्रथिनांचं ओलं खाणं सांगितलं. टिनमधलं, आणि जोडीला उकडलेलं चिकन. नुसतं चिकन नको, कारण मांजराला लागणारं टॉरिन आणि कॅल्शियम त्यातून पुरेसं मिळत नाही. आमच्या घरात तोवर अंडंसुद्धा आलं नव्हतं. सौ. ने एक दिवस विचार केला आणि मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा चमचा मांडला. "औषधाला सोवळं-ओवळं नसतं," एवढंच म्हणाली. ज्यांना हा बदल लहान वाटत असेल त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात पन्नास वर्षं काढून बघावीत.

इन्शुलिन ग्लार्जिन नावाचं, माणसांचंच. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला. केमिस्टच्या मुलाने चिठ्ठी वाचली, 'रुग्णाचे नाव : भुऱ्या, वय १२ वर्षे', आणि मला म्हणाला, "आजोबा, नातू का?" मी खरं सांगितलं. आता तो दर महिन्याला भुऱ्याची तब्येत विचारतो.

घरात दोन मधुमेही असल्याने एक धोका होता, तो नीट सांगतो, कारण असं घर आमचं एकटंच नसेल. सौ. ची बाटली एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि भुऱ्याची १०० युनिटची. आपल्याकडे दोन्ही मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये एक युनिटच्या खुणेपर्यंत ओढलं तर जातं अडीच युनिट. पाच किलोच्या जिवाला अडीचपट डोस म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून पहिल्याच दिवशी दोन डबे केले. हिच्या डब्यावर कुंकवाचा टिळा, त्याच्या डब्यावर मांजराचं चित्र. चित्र मी काढलं आहे. सौ. च्या मते तो उंदीर आहे.

सुई देणं सोपं. तो खाऊ लागला की मानेमागची किंवा कुशीची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि त्यात टोचायचं. सुई इतकी बारीक की बहुतेक वेळा तो मान वर करत नाही. पण आधी तो खातो आहे ना, हे बघायचंच. साखर तपासणं मात्र मला महिनाभर जमेना. कानाच्या कडेला बारीक शीर असते. कोमट फडक्याने कान शेकायचा, मागे कापूस धरायचा, टोचायचं आणि मोहरीएवढा थेंब पट्टीला लावायचा. माणसांचं यंत्र मांजराच्या रक्तात साखर जरा कमी दाखवतं, म्हणून डॉक्टरांनी ते लक्षात घेऊन आकडे ठरवून दिले आणि यंत्र बदलू नका म्हणाल्या. दीडशेच्या खाली आली तर सुई न देता आधी त्यांना फोन. चाळीस वर्षं हजेरीपट भरण्यात गेलेली, त्यामुळे वही ठेवणं मला जड गेलं नाही. तारीख, वेळ, साखर, डोस, किती खाल्लं, शेरा. 'शेरा' या रकान्यात सौ. कधीकधी 'चावला' असं लिहिते.

नोव्हेंबरात एका रात्री त्याने सगळं नीट खाल्लं, सुई घेतली, आणि अर्ध्या तासाने खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. डॉक्टरांनी फोनवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. दहाच्या सुमारास उठला तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात, आणि भिंतीला डोकं लावून उभा राहिला. यंत्रावर आकडा आला ४८. आमच्या साताऱ्यात महाबळेश्वरचा मध घरोघर असतो. आमच्याकडेही असतो, दोन मधुमेह्यांच्या घरात केवळ अशाच वेळेसाठी. सौ. ने बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळला. तोंडात ओतायचा नाही, ठसका लागतो. मी डॉक्टरांना फोन लावला. पंधरा मिनिटांनी आकडा ७०, मग ९५. त्याने थोडं खाल्लं, मग रिक्षाने दवाखान्यात नेलं. परत यायला एक वाजला. त्या रात्री आम्ही दोघं आळीपाळीने जागलो. साखर वाढलेली असली तर दिवस मिळतात, उतरली तर मिनिटं. हे वाक्य डॉक्टरांचं आहे, मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माणसांचं औषध जनावराला कशाला?

माझ्या वडिलांना १९६९ साली इन्शुलिन सुरू झालं. मी अठरा वर्षांचा होतो. काचेची सिरिंज आणि जाड सुई रोज पातेल्यात उकळायची, निवू द्यायची आणि वडिलांच्या दंडात टोचायची, हे काम माझ्याकडे होतं. तेव्हाचं इन्शुलिन गाई आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. वडील सोवळ्यात जेवणारे. त्यांना हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकदा मी सुई भरत असताना म्हणाले, "गाय आई म्हणतात. आई मेल्यावरसुद्धा वाढते आहे बघ." त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. माझा पहिला पगार त्यांच्या हातावर ठेवता आला, माझी मुलगी त्यांच्या मांडीवर खेळली.

टोरांटोला १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी हे औषध शोधलं ते कुत्र्यांवर प्रयोग करून. १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा दिलं, ते बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेलं. त्याआधी असं मूल दगावायचंच. जिवाणूंकडून तयार केलेलं मानवी इन्शुलिन १९८२ साली अमेरिकेत मंजूर झालं. म्हणजे साठ वर्षं जगभरचे मधुमेही जनावरांच्या जिवावर जगले. माझे वडील त्यांतलेच. डॉक्टरांनी एकदा सहज सांगितलं की मांजराचं आणि गाईचं इन्शुलिन जवळजवळ सारखं असतं, एक्कावन्न दुव्यांच्या साखळीत फक्त एका दुव्याचा फरक. माणसाचं आणि मांजराचं चार दुव्यांनी वेगळं. घरी येताना रिक्षात मला वडिलांचा दंड आठवत होता. म्हणून 'माणसांचं औषध' हा शब्दच मला पटत नाही. घेतलं आपण त्यांच्याकडून. त्यातलं थोडं परत जातं आहे, इतकंच.

पैशांचा प्रश्न राहतो, आणि तो खरा आहे. खाणं, पट्ट्या, सुया, औषध मिळून महिन्याला चार हजारांच्या आसपास जातात. माझ्या पेन्शनला ते झेपतात, प्रत्येकाला झेपतील असं नाही. ज्याला झेपत नाही त्याने मांजराला शांतपणे निरोप दिला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण झेपत असताना केवळ 'मांजरच तर आहे' म्हणून सोडून देणं मला जमलं नाही.

लवकर उपचार आणि योग्य खाणं मिळालं तर काही मांजरांचं इन्शुलिन पूर्ण सुटतं. भुऱ्याचं सुटलेलं नाही. दोन युनिटवरून एकवर आला, डॉक्टरांनी एकदा बंद करून बघितलं, दहा दिवसांत साखर पुन्हा चढली. पण आता तो पाय नीट उचलून चालतो आणि पलंगावर एका उडीत चढतो. वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा सुई द्यायला शिकला आहे. वही बघून, डोस मोठ्याने म्हणून, मगच टोचतो. त्यामुळे आम्हाला आता दोन-तीन दिवस बाहेर राहता येईल.

तुमच्या घरी वय झालेलं मांजर असेल तर एवढंच करा. पाण्याची वाटी किती वेळा भरावी लागते ते बघा, आणि महिन्यातून एकदा त्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा. खातंय भरपूर आणि उतरतंय, असं दिसलं तर थांबू नका. पहिल्या डॉक्टरांनी नाही म्हटलं तर दुसऱ्यांना विचारा. सुईची भीती आठवड्यात जाते.